पिकते तेथे विकत नाही



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना मौज वाटली असेल. नाशिककरांना नाशिक दाखविणे म्हणजे कोळ्याला पोहणे शिकविण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या घरी परगावचा पाहुणा आला म्हणजे आपण काय करतो ते आठवा. रामकुंड, काळाराम, पंचवटी, त्र्यंबकेश्वर. अलीकडे त्यात द्राक्षमळ्यांची भर पडली आहे. दोन दिवसांत पाहुणा मार्गस्थ होतो आणि आपले कर्तव्य संपते. ही स्थळे थोरच आहेत, त्यांविषयी मला काही सांगावयाचे नाही. ज्यांच्यावरून आपण रोज जातो आणि ज्यांच्याकडे मान वळवून पाहत नाही, त्यांच्याविषयी बोलावयाचे आहे.

प्रारंभ अगदी जवळून करू. नदीकाठची जुनी मातीची गढी आपणां सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे मातीचा ढिगारा म्हणून ठाऊक आहे. १९५०-५१ साली डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी तेथे उत्खनन केले. त्यांना एकाखाली एक वस्तीचे थर सापडले. सर्वांत वर मराठे व मुसलमानी अमदानीचे, त्याखाली सातवाहनांच्या काळचे, आणि तळाशी ताम्रपाषाणयुगातील माणसाची खापरे. आपले गाव पुराणांतच जुने आहे असे नाही, ते मातीतही तितकेच जुने आहे, याचा पुरावा त्या टेकाडात आहे. पण ती मातीच आहे. पावसाने ती ढासळते, आणि ढासळलेला थर पुन्हा रचता येत नाही.

आता मुंबईच्या रस्त्याने आठ किलोमीटरवर जाऊ. पांडवलेणी आपण पाहिली आहेत, असे आपण म्हणाल. पाहिली असतील, वाचली आहेत काय? पांडवांचा आणि या लेण्यांचा काही संबंध नाही. शिलालेखांत या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे आहे, आणि ही लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांतील एक लेख म्हणजे चक्क ठेवीची पावती आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे वापरावयाचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत, असे लेख सांगतो. वीस बारे दोनशे चाळीस! हिशेब पैचाही चुकलेला नाही. आणि हा सारा व्यवहार गोवर्धनच्या निगमसभेत नोंदविला, असेही लेखात म्हटले आहे. गंगापूर रस्त्यावरचे गोवर्धन गाव आपल्या परिचयाचे आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी तेथे कारागिरांची पेढी होती, आणि राजाचा जावई विश्वासाने तिच्यात पैसे ठेवीत होता.

तेथून थोडेसे चालून तिसऱ्या लेण्यात या. तेथे गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन तिने तेथे कोरविले आहे. त्याने शक, यवन, पल्हवांना धुळीस मिळविले, हे ती सांगते. आणि तो आईच्या सेवेत कधी चुकला नाही, हेही सांगावयास ती विसरत नाही. साम्राज्याची माता झाली तरी ती आईच!

या दोन लेण्यांमधला इतिहास मात्र डोंगरावर नाही, तो सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडला. तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एका ठेव्यात निघाली. ती नहपानाची होती, आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. कोण जिंकले आणि कोण हरले, हे सांगावयास याहून निःपक्षपाती साक्षीदार कोठला? नाण्यांची भाषा शिकावयाची असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला जावे. नाणेशास्त्राच्या अभ्यासाची संस्था तेथे १९८० साली स्थापन झाली. त्याच अंजनेरीच्या पायथ्याशी बाराव्या शतकातील जैन व हिंदू देवळांचे अवशेष आहेत. आपण गडावर मारुतीच्या दर्शनाला जातो आणि ही देवळे बाजूला टाकून जातो.

सिन्नरचे गोंदेश्वर आपण बसमधून पाहतो. खाली उतरून पाहावे. मध्ये शंकराचे मंदिर आणि एकाच जोत्यावर चार कोपऱ्यांत चार लहान मंदिरे, असे हे पंचायतन आहे. त्याला सरसकट हेमाडपंती म्हणतात; पण हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला आणि हे मंदिर त्याच्याही आधीचे. पायाच्या ओळीपासून वर पाहत गेले म्हणजे शिखर म्हणजे लहान लहान शिखरांच्या रांगा आहेत, हे ध्यानात येते.

सर्वच स्थळे दगडांची नसतात. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ नांदूर-मध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी पाटपाण्यासाठी बांधला. त्यात गाळ साचत गेला. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने हा तोटा. परंतु उथळ पाणी, चिखल आणि बेटे तयार झाली, आणि पक्ष्यांना ती मानवली. १९८६ साली ते अभयारण्य झाले. २०२० साली रामसर यादीत गेले. महाराष्ट्रातील ते पहिले. मार्गशीर्ष-पौषात पहाटे तेथे गेल्यास दूरदेशीचे पाहुणे भेटतात. त्यांना मात्र आपल्या गावची वाट कोणी दाखवावी लागत नाही.

आता कोणी विचारील, हे पाहून काय मिळणार? मी उलट विचारतो, न पाहिल्याने काय जाते? लेण्यांच्या भिंतींवर खिळ्याने नावे कोरणारे हात परक्या मुलखातून येत नाहीत. आपल्याच शाळांतील मुले ती, आणि तेथे अक्षरे आधीपासून आहेत हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ज्याला उषवदाताचा हिशेब कळला, तो त्याच्या शेजारी आपले नाव खरडणार नाही. कायद्याची पाटी पहारा करते ती पहारेकरी असेपर्यंत. माहिती रात्रंदिवस करते.

म्हणून माझी विनंती लहानशी आहे. या सुट्टीत एका रविवारी, घरातील एका मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन, यांपैकी एका तरी ठिकाणी जा. सोबत पाणी, विजेरी आणि थोडी सवड एवढे पुरे. दहाव्या लेण्यात उभे राहून त्या मुलाकडून वीस बारे किती ते म्हणवून घ्या. गणित तर पक्के होईलच. आपला गाव किती जुना, हेही त्याला पाठ होईल.