आळशी नव्हे, आजारी

पाच-सहा वर्षांचा एखादा मुलगा धावताना मागे राहतो, सारखा पडतो. पोटऱ्या पाहाव्यात तर चांगल्या भरदार! मग आपण म्हणतो, "अंगात ताकद आहे, पण पोर आळशी."

गुरुजी, छडी उचलण्यापूर्वी त्याला जमिनीवर बसवा आणि उठायला सांगा. आधी तो ओणवा होईल, मग हात गुडघ्यांवर, मांड्यांवर टेकीत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहील. ही खूण इंग्रज डॉक्टर गॉवर्स यांनी १८७९ साली वर्णिली.

त्याआधीच, १८६८ साली, फ्रान्समधील डॉक्टर दुशेन यांनी खास सुईने अशा मुलांच्या स्नायूंचे कण काढून तपासले होते. स्नायूचे तंतू झिजतात आणि त्यांच्या जागी चरबी व चिवट तंतुमय ऊतक भरते. पोटरी फुगते ती अशी, ताकदीने नव्हे. 'डिस्ट्रोफिन' नावाचे प्रथिन स्नायूंत जवळजवळ नसतेच, हे कारण १९८७ साली उलगडले.

आज रक्ताच्या आणि जनुकांच्या तपासणीने बहुधा निदान होते. क्वचितच स्नायूचा तुकडा काढावा लागतो. रोग समूळ जात नाही, पण वेळीच औषध मिळाले तर चालणे अधिक काळ टिकते. तेव्हा अशा मुलाला शिक्षा नको. आईबापांना बोलवा, आणि त्याला डॉक्टरांकडे न्यायला सांगा.