डोळ्यांना उसंत द्या
(सुवर्णमहोत्सवानिमित्त बडोदे येथे भरलेल्या सभेतील भाषण)



आम्ही डॉक्टर नव्हे. न्यासाच्या नेत्रशिबिरांत खुर्च्या मांडण्याचे व नावे लिहून घेण्याचे काम आम्ही पुष्कळ वर्षे केले, एवढाच आमचा अधिकार. तरीही आज बोलण्यास उभे राहिलो, याचे कारण आमच्या घरीच घडलेली एक चूक.

२०२० साली शाळा बंद झाल्या आणि आमच्या नातीचा वर्ग मोबाईलच्या पडद्यावर भरू लागला. वीतभर अंतरावर पडदा धरून पोर तासन् तास बसे. पुढे तिचे डोके दुखू लागले, डोळे लाल होऊ लागले. आम्ही घरातले वडीलधारे; आम्ही लगेच निदान केले. ‘निळा प्रकाश’ अडवणारा चष्मा आणला, औषधाच्या दुकानातून थेंबांची कुपी आणली, आणि निश्चिंत झालो. शाळा पुन्हा भरल्यावर बाईंचा निरोप आला, की मुलीला फळ्यावरचे दिसत नाही. तपासणीत दोन्ही डोळ्यांना उणे दोनचा नंबर निघाला. थेंबांत स्टेरॉइड होते. असे थेंब देखरेखीवाचून फार दिवस घातले तर डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आम्हांस मान वर करवेना. सुदैवाने पोरीचे डोळे वाचले.

मग पडद्याने डोळ्यांना होते तरी काय? एरवी आपण मिनिटाला सुमारे १५ वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते. पापणी मिटली नाही तर अश्रूंचा ओलावा डोळ्यांवर पसरत नाही. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दुसरे असे, की जवळचे पाहताना डोळ्यांतील एक लहानसा स्नायू सतत आवळलेला राहतो. मूठ तासभर वळून ठेवली तर हात दुखेल. तसेच हे आहे.

निळ्या प्रकाशाची भीती मात्र अनाठायी आहे. पडद्यापेक्षा कितीतरी अधिक निळा प्रकाश उघड्या आकाशातून आपल्या डोळ्यांत येतो. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने १७ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात अशा चष्म्याने शीण कमी होतो असे दिसून आले नाही.

खरा उपाय फुकटचा आहे. दर २० मिनिटांनी निदान २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहावे; खिडकीतून समोरचे झाड पाहिले तरी पुरे. आठवणीने पापण्या मिटाव्यात. पडदा हातभर लांब, आणि त्याची वरची कड नजरेच्या किंचित खाली असावी. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये. ज्यांना चाळिशी लागली आहे, त्यांनी आपला संगणक किती अंतरावर असतो ते नंबर काढताना सांगावे. नाहीतर चष्म्याच्या खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी उचलून मान दुखते आणि दोष डोळ्यांना मिळतो.

मुलांची गोष्ट याहून गंभीर. मोठ्यांचा शीण विश्रांतीने उतरतो. मुलांचा एकदा आलेला उणे नंबर उतरत नाही, वाढत्या वयाबरोबर वाढतो. फार जवळचे काम आणि बाहेरच्या उजेडाची वाण या दोहोंचा त्याच्याशी संबंध आढळला आहे. तैवानमध्ये २०१० सालापासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटे उघड्यावर घालवावीत असा उपक्रम सुरू झाला, आणि वर्षानुवर्षे वाढत गेलेले अधू दृष्टीच्या मुलांचे प्रमाण त्यानंतर उतरू लागले. आपल्याला तर सयाजीराव महाराजांनी कमाटीबाग देऊन ठेवली आहे. संध्याकाळी नातवंडांचा हात धरून तिकडे जावे. त्यात आजोबांच्याही डोळ्यांना विसावा आहे.

शेवटी एक विनंती. आपल्या शिबिरांत आजवर मोतीबिंदूचे वृद्धच येत आले. मुलांना कोणी आणले नाही; नावे लिहून घेणाऱ्या आम्हीही आमच्या नातीला आणले नाही. मुलाला कमी दिसते हे मूल सांगत नाही, कारण सर्वांना असेच दिसते असे त्याला वाटते. म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून शाळा उघडताच मुलांच्या डोळ्यांची तपासणी दरसाल व्हावी, असे आम्ही विश्वस्तांपुढे मांडतो. खुर्च्या मांडण्यास आम्ही आहोतच. या वेळी पहिले नाव आमच्या धाकट्या नातवाचे लिहू.