पांढरीची साक्ष

सुमेरच्या लोकांनी मातीच्या पाट्यांवर धान्याचे हिशेब लिहिले. म्हणून पाच हजार वर्षांनंतरही त्यांचे जीवन वाचता येते. गोदा-प्रवरेकाठच्या पहिल्या शेतकऱ्यांनी लेख ठेवला नाही. त्यांची बखर पांढरीच्या मातीतच आहे. १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी नाशिकची मातीची गढी आणि संगमनेरजवळचे जोर्वे येथे उत्खनन करून ती उलगडण्यास आरंभ केला. पुढे इनामगावी दिसले, की जोर्वे संस्कृतीचे लोक मृत बालकास दोन कुंभांत ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरीत. ही माया कळण्यास लिपी लागत नाही. मात्र हीच पांढरी खत म्हणून शेतात पसरली, की न वाचलेले पान कायमचे नष्ट होते. गावोगावच्या पांढरीचे रक्षण हे गावकऱ्यांचेच कर्तव्य होय.