भुऱ्याची आठवण

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. आज आम्ही तुम्हांला एका सापाची गोष्ट सांगणार आहोत. हा साप कोणाला चावला नाही. तो कुठल्या धनावरही बसला नव्हता. तो आमच्या घरी एका फुटक्या रांजणात राहिला, आणि अडीच महिन्यांनी मेला. त्याला आता पन्नासाहून जास्त वर्षे झाली. तरी श्रावण आला की आम्हांला त्याचीच आठवण येते.

साल १९७०. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. मिरगाच्या आधी आमच्या वावरात वखर चालला होता. एक मोठे ढेकूळ उलटले आणि खालून जाड, तांबूस, आखूड असा साप निघाला. गड्याने तुतारी उगारली. बाबा ओरडले, "थांब बाप्पा! मारू नको. दुतोंड्या हाय थो. गरीब जनावर हाय. वावरातले उंदीर खाते."

आपले रिद्धपूर म्हणजे महानुभावांची काशी. म्हाइंभटांनी लीळाचरित्र इथेच लिहिले. त्यातली सशाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. शिकाऱ्याच्या भीतीने ससा पळत आला, आणि चक्रधरस्वामींनी त्याला आपल्या मांडीखाली आसरा दिला. बाबांना वाचता येत नव्हते. पण ही गोष्ट त्यांना येत होती, आणि वखराच्या मागे चालता चालता त्यांनी ती आम्हांला पुन्हा सांगितली.

बाबांनी साप धुऱ्यावर सोडायला सांगितला. आम्ही तो टोपल्यात घालून घरी आणला! कोठ्यामागे एक फुटका रांजण पडला होता. त्यात वावरातली भुसभुशीत माती भरली आणि साप आत सोडला. पाहता पाहता तो मातीत शिरला. त्याचे नाव आम्ही भुऱ्या ठेवले.

आई चिडली. "सापाले घरात आणते का रे पोट्ट्या? काहाडून टाक त्याले!" पण बाबा हसले, आणि भुऱ्या राहिला.

मंडळी, दुतोंड्याला दोन तोंडे नसतात. तोंड एकच. शेपूट मात्र बोथट असते, तोंडासारखेच दिसते. भ्याला की तो डोके अंगाच्या वेटोळ्यात लपवतो आणि शेपूट वर करतो. शत्रूने शेपटाला तोंड समजावे आणि डोके वाचावे, एवढीच त्याची युक्ती. सहा महिने या तोंडाने चालतो आणि सहा महिने त्या तोंडाने, ही नुसती ऐकीव गोष्ट आहे. त्याला विष नसते. त्याला मांडूळही म्हणतात.

दिवसा भुऱ्या मातीत असे. दिवेलागणीला त्याचे डोके बाहेर येई. आम्ही हात पुढे केला की तो हळूच हातावर चढे. त्याचे अंग थंड आणि गुळगुळीत. बोटाभोवती वेढा घालून तो किती तरी वेळ पडून राही. तो आम्हांला ओळखत होता, असे आम्हांला वाटे. खरे पाहिले तर त्याला आमच्या हाताची ऊब आवडत असेल. पण दहा वर्षांच्या पोराला हे कोण सांगणार?

कणगीखाली उंदराची पिले सापडत. ती आम्ही त्याला देत असू. आधी तो पिलाला आवळून धरी, मग डोक्याकडून गिळी. एकदा त्याचे डोळे दुधाळ झाले. त्याने खाणे सोडले. आम्हांला रडू आले. आठवड्याने पाहतो तर मातीवर त्याची कात पडलेली, आणि भुऱ्या नव्या पितळी भांड्यासारखा चकचकीत! ती कात आम्ही शेजारच्या सगळ्या पोरांना दाखवून आलो.

हळूहळू आईही बदलली. आधी ती कोठ्यामागे फिरकत नसे. मग एक दिवस म्हणाली, "तुह्या भुऱ्याले ऊन लागते रे. रांजण सावलीत घे."

पुढे नागपंचमी आली. त्या दिवशी आपल्याकडे कोणी वखर धरत नाही, नांगर धरत नाही. जमिनीतल्या जिवाला इजा होऊ नये म्हणून. आईने पाट मांडला. भुऱ्याला हळदकुंकू लावले. गल्लीतल्या बाया वाट्या घेऊन आल्या. साऱ्यांच्या हातांत दूध. भुऱ्याने जीभ बाहेर काढली आणि तोंड फिरवले. तेव्हा कोणी तरी म्हणाले, "लाजते थो. त्याचं तोंड बुडव." आम्ही त्याची मान धरली आणि तोंड वाटीत बुडवले. एकदा नाही, पाच-सात वाट्यांत.

रात्री तो मातीत शिरला नाही. वरच पडून राहिला. तोंड उघडे, आणि तोंडाला फेस. चौथ्या दिवशी सकाळी तो दोरीसारखा सैल झाला होता. बाबांनी त्याला धुऱ्यावरच्या निंबाखाली पुरले. आम्ही दोन दिवस जेवलो नाही. आई म्हणाली, "देवाचं होतं, देवानं नेलं." आम्ही ते खरे मानले.

दहा वर्षे गेली. १९८० च्या जानेवारीत पुण्याला नीलिमकुमार खैरे नावाचा तरुण काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिला. डिवचल्यावाचून साप चावत नाही, हे त्याला लोकांना दाखवायचे होते. ही बातमी आम्ही पारावर मोठ्याने वाचून दाखवली. त्या दिवसापासून सापाविषयी छापलेले जे हाती लागेल ते आम्ही वाचू लागलो. आणि एका लहानशा पुस्तकात ते वाक्य सापडले. साप दूध पीत नाही.

आम्ही ते दोनदा वाचले. नीट विचार करा, मंडळी. गाय वासराला पाजते. सापीण पिलाला पाजत नाही. मग सापाला दूध कसे ठाऊक असणार? ते त्याला पचत नाही. तहानेने कासावीस झालेला साप पुढ्यात येईल ते पितो, म्हणून गारुडी नागपंचमीआधी त्याला तहानेला ठेवत. आणि जबरीने पाजले तर दूध छातीत जाते, साप गुदमरतो.

सारेच साप भुऱ्यासारखे गरीब नसतात, हेही सांगून ठेवतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार जीव घेतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली. साप चावला तर मंत्र घालणाऱ्याकडे जाऊ नका, चिरा देऊ नका. चावलेला हात किंवा पाय हलवू नका आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. आणि आमचे पाहून कोणी साप पाळू नका. १९७२ साली कायदा झाला. आता साप धरणे आणि पाळणे गुन्हा आहे. मांडुळाने पैशाचा पाऊस पडतो असे सांगून फसवणारे लोक फिरतात. त्यांच्या नादाने कैक मांडुळे धरली गेली आणि माणसेही तुरुंगात गेली.

पण आम्ही आईचे सांगत होतो. ते वाक्य तिला सांगावे की न सांगावे? चार दिवस आम्ही घोळ घातला. ती म्हातारी होत चालली होती. शेवटी रात्री चुलीपाशी सांगितले. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मंग म्या मारलं का रे त्याले?"

आम्ही म्हणालो, "माय, वाटी तुही होती. पण मान तं म्या धरली होती."

तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. त्या रात्री आम्ही दोघे उशिरापर्यंत बसून होतो.

त्या वर्षीच्या नागपंचमीला आईने भिंत सारवली आणि गेरूने पाच नाग काढले. लाह्या ठेवल्या, दुधाची वाटी ठेवली. गल्लीतल्या बाया आल्या, त्यांनी त्या चित्रांनाच कुंकू लावले. आम्ही जवळ जाऊन पाहिले. चार नागांना फणा होता. पाचव्याला फणा नव्हता, आणि त्याचे शेपूट बोथट होते.

आम्ही आईकडे पाहिले. ती म्हणाली, "हाव. थोच हाय."