आधी पेट्रोलची वाट तपासा

गणपती जवळ आले की रत्नागिरीच्या गॅरेजांतून एकच तक्रार ऐकू येते, "किक मारून पाय भरून आला, पण गाडी काही चालू होत नाही." चाकरमान्याची जुनी मोटरसायकल वर्षभर पडवीत उभी असते. एरवी ती नड भागवते. रात्री-अपरात्री वाडीवरून कुणाला आरोग्य केंद्रात न्यायचं, तर पुष्कळदा तीच हाताशी असते. म्हणून तिच्याविषयी चार गोष्टी सांगतो.

भारत स्टेज सहा ही मानकं १ एप्रिल २०२० पासून लागू झाली आणि नव्या दुचाकींत बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आलं. तिथे पंप पेट्रोल जोरानं ढकलतो. जुन्या कार्बोरेटरच्या मोटरसायकलला सहसा पंपच नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली. पेट्रोल स्वतःच्या वजनानं उतरतं. एक फूट उंचीच्या पेट्रोलचा दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम दोन टक्के भरतो. एवढ्याशा दाबाला चिमूटभर गंजही अडवतो. म्हणून स्क्रू पिळत बसण्याआधी पेट्रोलची वाट तपासावी.

कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार अखंड हवी. थेंब थेंब येत असेल, तर टाकीचं झाकण उघडून पाहा. लगेच धार वाढली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे. नाही वाढली, तर कॉकची जाळी साफ करा.

धार चांगली असेल, तर कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं, आणि आपल्याकडचा पावसाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं. बाटलीत दोन थर दिसले, तर टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरा. जुन्या पेट्रोलचा चिकट थर जेटमध्ये बसतो. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. जेट काढून हवेच्या झोतानं साफ करून घ्या.

उलट, कार्बोरेटरमधून पेट्रोल बाहेर गळत असेल, तर फ्लोटची सुई नीट बसत नाही. कॉक बंद करा, सुई आणि तिची बैठक साफ करा. झिजली असेल तर बदला. गळती नाही, पण प्लग ओला आहे? मग प्लग पुसून बसवा, चोक बंद करा, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि किक मारा.

जुन्या कार्बोरेटरच्या मोटारीला मात्र इंजिनवर चालणारा पंप असतो. तिथे दाब जास्त झाला, तर सुई उचलली जाते आणि इंजिन पेट्रोलनं भरतं. अनेक गाड्यांत पंपाखालच्या पॅकिंगची जाडी वाढवली की दाब उतरतो. हे काम दाबमापक लावूनच करावं, अंदाजानं नको.

हे सारं दिवसाउजेडी, मोकळ्या हवेत करा. जवळ चूल नको, विडी नको.

आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा; कार्बोरेटर रिकामा होतो. वर्षाचा प्रश्न असेल, तर टाकीही रिकामी करून आत थोडं इंजिन ऑइल फिरवा, म्हणजे पत्रा गंजणार नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, पण गाडी वेळेला उपयोगी पडते.