मुक्त सॉफ्टवेअर आणि घरातला एक तास

(भिलाईजवळील उतई येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर एका सॉफ्टवेअर अभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.)



आजच्या व्याख्यानासाठी मला प्रवास करावा लागला नाही. मी उतईतच राहतो. पुण्यातील एका कंपनीचे काम घरून करतो आणि उरलेल्या वेळात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या कामात थोडा हातभार लावतो. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर परीक्षेत टिपा विचारल्या जातात. त्यासाठी लागणारी माहिती मी देणारच आहे. परंतु एक प्रश्न पाठ्यपुस्तकात सहसा नसतो. हे सॉफ्टवेअर आपल्याला विनामूल्य मिळते, तर त्याचे मोल कोण चुकविते? या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या घरातच सापडले, म्हणून आज घरापासूनच सुरुवात करतो.

भिलाईची पाळी

माझे वडील भंडारा जिल्ह्यातून नोकरीसाठी भिलाईला आले. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्यानंतर काही वर्षांनी वडील तेथे रुजू झाले. आमच्या घराचे घड्याळ त्यांच्या पाळीवर चालत असे. पहिली पाळी असली की स्वयंपाक पहाटे, रात्रपाळी असली की दिवसा घरात कोणी मोठ्याने बोलायचे नाही.

त्यांच्या पाळीचा एक नियम मात्र माझ्या मनावर कायमचा ठसला. झोतभट्टी अखंड चालते. ती थंड होऊ देता येत नाही. त्यामुळे पुढच्या पाळीचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्या माणसाने जागा सोडावयाची नाही. या बदली माणसाला सारे ‘रिलीव्हर’ म्हणत. रिलीव्हर आला की वडील मोकळे होत आणि घरी आल्यावर कारखान्याचा विषय संपलेला असे.

मी ज्या क्षेत्रात आलो, तेथेही भट्टी अखंड चालते. बँका, रुग्णालये, रेल्वे आरक्षण, तुमच्या हातातील भ्रमणध्वनी, या सर्वांच्या तळाशी मुक्त सॉफ्टवेअरचे असंख्य लहान-मोठे भाग दिवसरात्र काम करीत असतात. परंतु त्यांतील कित्येक भागांची देखभाल करणाऱ्या माणसाला रिलीव्हर नसतो. आजच्या व्याख्यानाचा सारा आशय या एका वाक्यात आहे.

मुक्त म्हणजे काय?

प्रथम संकल्पना स्पष्ट करू. संगणकाचा कार्यक्रम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिला जातो. त्याला स्रोत संहिता म्हणतात. ही संहिता कंपनीने स्वतःपाशी ठेवली, तर वापरणाऱ्याला केवळ चालणारे यंत्र मिळते, त्याची रचना मिळत नाही. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले आणि १९८९ मध्ये जीपीएल या परवान्याची पहिली आवृत्ती आली. कार्यक्रम कोणत्याही कारणासाठी चालविणे, त्याची संहिता अभ्यासून तीत बदल करणे, त्याच्या प्रती वाटणे आणि सुधारलेल्या प्रतीही वाटणे, ही चार स्वातंत्र्ये या विचाराचा पाया होत.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तीच पुढे लिनक्स झाली. १९९२ मध्ये ती जीपीएल परवान्याखाली आली आणि जगभरातील हातांनी वाढत गेली. ‘ओपन सोर्स’ हा शब्दप्रयोग मात्र १९९८ मधला. येथे ‘मुक्त’ हा शब्द स्वातंत्र्य दर्शवितो, किमतीशी त्याचा संबंध नाही. परीक्षेत हा भेद अवश्य लिहा.

आचारी आणि आचार्य

या चार स्वातंत्र्यांचा अर्थ मला एका लग्नाच्या निमित्ताने उमगला. चुलतबहिणीच्या लग्नाचा खर्च मी संगणकावर मांडून छापून आणला. आईने कागद हाती घेतला आणि विचारले, “आचार्यांना आगाऊ रक्कम कशासाठी? आपण मठात लग्न लावतो आहोत का?” मी लिहिले होते ‘आचाऱ्यांना’, छापून आले होते ‘आचार्यांना’.

मराठीत रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र यांमुळे अर्थ बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हिंदीला या भेदाची गरज नसल्यामुळे, केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या फाँटमध्ये तो निसटू शकतो. युनिकोडमध्ये या अर्ध्या ‘र’साठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त अशी व्यवस्था आहे. मी वापरीत असलेल्या मुक्त फाँटमध्ये त्या जोडीचा आकार दाखविणारा नियमच लिहिलेला नव्हता. फाँटची रचना खुली असल्यामुळे ती चूक मला पाहता आली. दुरुस्ती सुचविता आली आणि पुढील आवृत्तीत ती समाविष्टही झाली. दुरुस्ती दोन-तीन ओळींची होती. परंतु त्यानंतर तो फाँट वापरणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाचा आचारी आचारीच राहिला. बंदिस्त फाँट असता तर मला फार तर तक्रार नोंदविता आली असती.

तीन भाषांचे घर

आमच्या घरात मराठी, शाळेत आणि बाजारात हिंदी, तर शेजारी छत्तीसगढी बोलली जाते. मराठी माणसाने या प्रदेशात दुसऱ्या भाषेची सेवा करावी, ही परंपरा जुनी आहे. मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले होते.

छत्तीसगढीची स्थिती ध्यानात घ्या. २०११ च्या जनगणनेत ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ६२ लाख होती. मात्र जनगणनेत ती हिंदीखाली मोजली जाते. राज्य विधानसभेने २८ नोव्हेंबर २००७ रोजी तिला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक संमत केले. तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश झालेला नाही. अशा भाषेत संगणक आणण्यात व्यापारी कंपनीला फारसा लाभ दिसत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोणाच्या परवानगीची वा नफ्याच्या हिशेबाची वाट पाहावी लागत नाही. आपल्या शेजारच्या राजनांदगावचे रविशंकर श्रीवास्तव ऊर्फ रवि रतलामी यांनी विद्युत मंडळातील दीर्घ नोकरीनंतर हिंदी लिनक्सच्या कामाला वाहून घेतले आणि त्यांच्याच पुढाकाराने केडीई या मुक्त डेस्कटॉपचे छत्तीसगढी रूप तयार झाले. २००० च्या सुमारास मुंबईत वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी सुरू केलेल्या इंडलिनक्स प्रकल्पाने भारतीय भाषांतील अशा कामाला दिशा दिली होती.

भाषांतराचे काम सोपे वाटते, पण प्रत्येक शब्द अडवितो. एखादी फाइल काढून टाकण्याच्या आज्ञेला मराठीत कोठे ‘नष्ट करा’, कोठे ‘हटवा’, तर कोठे ‘काढून टाका’ असे म्हटलेले आढळते. मी हे शब्द आईसमोर ठेवतो. ‘नष्ट करा’ ऐकून ती म्हणाली, “शत्रूला नष्ट करतात. कागद काढून टाकतात.” आठवीतल्या मुलीला मात्र ‘हटवा’ हाच शब्द सोयीचा वाटतो, कारण तो बटणावर मावतो. या वादात कधी आजी जिंकते, कधी नात.

तो तास कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझा दिवस तुमच्या घरातील कोणाही नोकरदारासारखाच आहे. सकाळी पाणी भरणे, मुलीला शाळेत सोडणे, दहा ते सात कंपनीचे काम, संध्याकाळी भाजी. रात्रीचे जेवण झाल्यावर साडेआठ ते साडेनऊ हा एक तास मुक्त सॉफ्टवेअरचा. पूर्वी हा एक तास नसे. साडेआठला बसलेला मी बारापर्यंत उठत नसे.

त्याच काळात आईच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दर चार तासांनी थेंब घालावयाचे होते. पत्नी शिक्षिका आहे. परीक्षेच्या कामासाठी तिला दोन दिवस बाहेरगावी जावे लागले आणि रात्रीच्या थेंबांची जबाबदारी माझ्यावर आली. दोन्ही रात्री मी विसरलो. तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. डॉक्टरांनी वेळीच उपचार केले, कायमची हानी टळली. “मला सांगितले का नाहीस?” असे मी विचारले, तेव्हा आई म्हणाली, “तू कामात होतास.”

त्या दोन रात्री मी दूरदेशीच्या अनोळखी माणसांचे दोष दुरुस्त करीत होतो. मी जो वेळ समाजाला दान केला असे समजत होतो, तो माझा नव्हताच. तो आईचा होता, पत्नीचा होता, मुलीचा होता. त्यांना न विचारता मी तो देऊन टाकला होता आणि त्यांचे नाव कोणत्याही कार्यक्रमाच्या श्रेयनामावलीत येणार नव्हते. पत्नी परतल्यावर आम्ही तीन नियम ठरविले. संगणक बाहेरच्या खोलीत ठेवावयाचा, साडेनऊला तो बंद करावयाचा आणि घरात आजारपण असेल तेव्हा त्या तासाला सुटी. माझे योगदान यामुळे घटले. परंतु तो तास अनेक वर्षे टिकला आहे आणि आता तो घराच्या संमतीने दिलेला आहे.

अर्ध्या सेकंदाची गोष्ट

हा केवळ एका कुटुंबाचा प्रश्न असता, तर मी तो येथे मांडला नसता. ‘एक्सझेड’ नावाचे माहिती संकोचनाचे एक लहान साधन लिनक्सवर सर्वत्र वापरले जाते. त्याची देखभाल अनेक वर्षे मुख्यतः एकच माणूस, विनावेतन, फावल्या वेळात करीत होता. २०२२ मध्ये त्याने आपली शक्ती मर्यादित असल्याचे आणि हा आपला बिनपगारी छंद असल्याचे सांगितले. त्याच सुमारास काम लवकर होत नाही म्हणून त्याच्यावर दबाव वाढत गेला आणि एक साहाय्यक पुढे आला. त्याने विश्वास संपादन केला, अधिकार मिळविले आणि २०२४ मध्ये त्या साधनात चोरवाट पेरली. म्हणजे थकलेल्या माणसाला रिलीव्हर मिळाला, पण तो तोतया होता.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने हे उघडकीस आणले. दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, एवढ्या शंकेवरून त्यांनी संहिता तपासली होती. तोवर सदोष आवृत्ती प्रामुख्याने चाचणीच्या वितरणांतच पोहोचली होती. त्यामुळे मोठा अनर्थ टळला. संहिता खुली होती म्हणून चोरवाट सापडली, हे खरे. परंतु देखभाल करणारा एकाकी होता म्हणून ती पेरता आली, हेही तितकेच खरे. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ या दोषानेही हेच दाखविले होते. इंटरनेटवरील सुरक्षित व्यवहारांचा फार मोठा भार तेव्हा मोजक्याच माणसांच्या खांद्यावर होता.

धोरण आणि पाळी

भारत सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. केरळच्या शासकीय शाळांनी त्याआधीच मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला होता. मे २०२० मध्ये आरोग्य सेतू या ॲपची स्रोत संहिता खुली करण्यात आली. ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र स्वीकार ही पहिली पायरी होय. भट्टी पेटविली की ती तेवत ठेवणारी माणसेही लागतात. जर्मनीने २०२२ मध्ये सार्वजनिक निधीतून अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीला अर्थसाहाय्य देण्याची स्वतंत्र व्यवस्था उभारली. आपल्याकडे झेरोधा या कंपनीने २०२४ मध्ये दरवर्षी १० लाख डॉलरचा फ्लॉस फंड जाहीर केला. रस्ता बांधताना त्याच्या दुरुस्तीची तरतूद जशी अंदाजपत्रकात केली जाते, तशीच ती सॉफ्टवेअरच्या बाबतीतही व्हावयास हवी. तुमच्यातील काही जण उद्या प्रशासनात जातील. एखाद्या प्रकल्पाच्या फाइलवर ‘मुक्त स्रोत असल्याने खर्च शून्य’ असा शेरा दिसला, तर त्याखाली एक प्रश्न जरूर लिहा : देखभाल कोण करणार आणि त्याला रिलीव्हर कोण?

ज्यांना या कामात यावयाचे आहे, त्यांच्यासाठी संधी येथून दूर नाही. नेवईला तंत्रविद्यापीठ आहे, दुर्ग जिल्ह्यातच आयआयटी भिलाई आहे. पण पदवीची वाट पाहण्याचे कारण नाही. मराठी वा छत्तीसगढीतील एक चुकीचा शब्द कळविणे, हेही योगदानच आहे. फक्त आपण देणार असलेला वेळ कोणाचा आहे, हे आधी घरी विचारून घ्या.

वडील आज नाहीत. मी रात्री संगणकासमोर बसलो की ते दारात उभे राहून विचारीत, “तुझी पाळी संपते केव्हा?” त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते. आता साडेनऊला मुलगी येते, खुर्चीमागे उभी राहते आणि “मी आले” एवढेच म्हणते. मग आईच्या गोळ्यांचा डबा घेऊन मी आत जातो.