अभ्यासाची बैठक आणि बैठकीचे दुखणे
(उमरगा येथे विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आजचा विषय चारचौघांत उच्चारायला आपण लाजतो, म्हणूनच तो बोलला पाहिजे. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम महाराष्ट्रात अनेक विद्यापीठांत, महाविद्यालयांत होतो. तो स्तुत्यच आहे. परंतु असे बसून अभ्यास करणारी काही मुले दवाखान्यात येतात आणि "डॉक्टर, बसवत नाही," एवढेच सांगतात. कुठे दुखते हे विचारले की मान खाली घालतात. मुली तर आईलाही सांगत नाहीत.

हे दुखणे काय आहे? कठीण बाकावर तळहात ठेवून त्यावर बसा. दोन्ही बाजूंना एकेक टणक उंचवटा हाताला लागेल. ही आसनास्थीची टोके होत. उभे असताना नितंबाचा मोठा स्नायू त्यांना झाकतो. बसलो की तो वर सरकतो आणि धडाचा भार या टोकांवर येतो. हाड व कातडी यांच्यामध्ये थोडी चरबी व द्रवाची पातळ पिशवी एवढेच उरते. तासन्‌तास दाब पडला की पिशवीला सूज येते. मागावर दिवसभर बसणाऱ्या विणकरांना हे इतके होई की इंग्रजी वैद्यकात या दुखण्याला विणकरांचेच नाव पडले. कष्टकऱ्यांच्या या जुन्या आजारात लाजण्यासारखे काहीही नाही.

दुसरे कारण मांडीमागच्या स्नायूंचे. त्यांचे कंडरे याच हाडाला जोडलेले असतात. पोलीस भरतीसाठी एकदम धावणे वाढवले की ते दुखावतात. अशा वेळी वाकून पायाचे अंगठे धरू नका. ताणाने दुखणे वाढते. धावणे कमी करा, बरे वाटू लागले की हळूहळू वाढवा. कोवळ्या वयात धावताना एकदम कळ येऊन चालवेना झाले, तर हाडाचा तुकडा निघालेला असू शकतो. एक्स-रे काढून घ्यावा.

उपाय साधे आहेत. दर अर्ध्या तासाने उठा, चार पावले चाला. फरशीवर बसताना सतरंजीची जाड घडी खाली घ्या. पाटावर किंवा खुर्चीत एकाच कुल्ल्यावर रेलून बसू नका. वाचन थोडा वेळ उभ्यानेही होते. सूज असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावा. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांनी पोटाला व मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

कळ पायात उतरत असेल, रात्री झोप मोडत असेल, ताप असेल किंवा दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल तर डॉक्टरांना दाखवा. बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरील ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

शेवटी विनयपिटकातील एक प्रसंग सांगतो. सोण नावाचा भिक्खू चंक्रमण करता करता पाय रक्ताळून घेई. वीणेची तार फार ताणली तर वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही, असे तथागतांनी त्यास समजावले. मग त्यास पादत्राणे वापरण्याची मुभा दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नकोत. तेव्हा ती मुभा साऱ्या संघाला मिळाली.

माझी समितीला एवढीच विनंती आहे. पुढील अभ्यास उपक्रमात प्रत्येकासाठी सतरंजीची घडी ठेवावी आणि दर अर्ध्या तासाने घंटा वाजवावी. सगळेच उठले की कुणालाही एकट्याने उठण्याचा संकोच राहणार नाही. बाबासाहेबांच्या अभ्यासातून मन लावणे शिकू या. दुखणे लपवणे नको.